मौनेशचा जबडा आणि ईरप्पाची पाचर

कडदळ्ळीच्या मौनेश कम्माराला देवानं दोन हत्यारं दिली होती, एक घण आणि एक जीभ. घणाचा मार खाल्लेलं लोखंड निदान पुढे कशाच्या तरी उपयोगी पडायचं. जिभेचा मार खाल्लेला माणूस मात्र बरेच दिवस कशाच्याच उपयोगी पडत नसे. शिव्या तो फारशा देत नव्हता. शिव्या काय, गावात कोणीही देतं. समोरच्याचं दुखरं हाड तो नेमकं ओळखायचा आणि चार माणसं जमली की त्यावर बोट ठेवायचा. बायको या बोलण्याला विटून गदगला माहेरी गेली ती गेलीच. "घरात भट्टी असली तर चालते," असं ती जाताना शेजारणीला म्हणाली होती म्हणे, "पण ती विझवता आली पाहिजे ना."

तर असा हा माणूस त्या आश्विनात हुबळीच्या एका दवाखान्यात पडून होता. त्याचे वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेले होते. त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ भरवत होता तो ईरप्पा बडिगेर, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जबडा मोडला होता तोही ईरप्पानंच.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कडदळ्ळीला वीरभद्राचा रथ निघतो. रथाच्या चाकाचं लाकूड सुतार बडिगेरांचं आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव लोहार कम्मारांची. दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्याघेतल्या गेल्या आहेत, आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची रीतही तितकीच जुनी आहे. रथ चालत असताना चाकापुढे पाचर सरकवत तो वळवायचा आणि उतारावर थोपवायचा, हा मान बडिगेरांचा. ती पाचर बाभळीची, दांडा लावलेली, उचलायला दोन हात लागतील अशी. ज्याच्या हातून ती एकदा निसटली, त्याच्या घराचा मान संपला. पाचर दुसऱ्या घरी जायची. ईरप्पाच्या आजोबांपासून आजपर्यंत ती निसटली नव्हती.

त्या सोमवारी तळ्याच्या वळणावर चाक करकरलं आणि रथ अडला.

"धाव सैल झालीय," ईरप्पा चाकाशी वाकून म्हणाला. "कम्माराला बोलवा कोणीतरी."

मौनेश पुढेच उभा होता. "धाव सैल नाही. लाकूड आक्रसलंय. ओल्या लाकडाचं चाक केलं की असंच व्हायचं."

"तीन वर्षं वाळवलंय ते."

"असेल की." मौनेशनं एकदा सभोवार पाहिलं. माणसं ऐकत होती. "तुमच्या हातचं काही टिकतच नाही, दाजी, त्याला लाकडानं तरी काय करावं? चाक टिकत नाही, पाळण्यातलं पोर टिकत नाही."

त्याची बहीण नीलव्वा तिथंच आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. ताट तिच्या हातात तसंच राहिलं. ईरप्पा उठला आणि हातातल्या पाचरीनं त्यानं मौनेशच्या तोंडावर एकच घाव घातला.

दुसऱ्या दिवशी पंच देवळात बसले. थोरले पंच चिदानंदप्पा पत्तार हे सोनार, त्यामुळे बोलतानाही शब्द काट्यावर ठेवल्यासारखे ठेवायचे. ते म्हणाले, "ज्यानं तोंड मोडलं, त्यानं ते उघडेपर्यंत स्वतःच्या हातानं भरवायचं. बायकोनं नाही, भाड्याच्या माणसानं नाही. तोंड उघडलं की मौनेशनं सांगायचं, सरकारात जायचं की घरात मिटवायचं. तोवर गावात कोणी काही पाहिलेलं नाही."

असा निवाडा कडदळ्ळीला नवा नव्हता. दुसऱ्याचा बैल लंगडा केला तर त्याचं शेत नांगरून द्यायचं, त्यातलाच हा प्रकार. फक्त बैल मनात धरत नाही.

मौनेशनं आधी हाड बसवणाऱ्या वैद्याकडून उडदाच्या पिठाचा आणि अंड्याचा लेप लावून जबडा बांधून घेतला. लेप दगडासारखा घट्ट झाला आणि हाड त्याच्या आत आपल्या मर्जीनं जुळलं. पट्टी सोडली तेव्हा मागच्या दाढा लागत होत्या, पुढचे दात लागत नव्हते, मधून लाळ गळत होती, आणि हनुवटीखाली पू धरला होता. मग हुबळी.

तिथल्या डॉक्टर वनजाक्षी शिरहट्टी बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि कुणाचेही लाड न करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मौनेशच्या तोंडात आरसा घालून पाहिलं, एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला आणि ईरप्पाकडे वळल्या.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"बहिणीचा नवरा."

"मारलं कोणी?"

मौनेशनं ईरप्पाकडे बोट केलं नाही, पण नजर अशी केली की बोटाची गरज राहिली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "आधी मारामाऱ्या करा, मग पिठात बांधून घ्या, आणि पू झाला की आमच्या दारात या. दोन ठिकाणी मोडलंय आणि दोन्ही ठिकाणी वाकडं जुळलंय. मला ते परत मोडावं लागेल. एकदा यांनी मोडलं, आता मी मोडणार. फरक एवढाच, की मी भूल देऊन मोडते."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मौनेशच्या हातावर एक पट्टी ठेवली. बोटभर लांब, चार भोकं, तिला शोभतील असे बारीक स्क्रू. मौनेशनं ती नखानं वाजवून पाहिली, वाकवून पाहिली. काम स्वच्छ होतं. त्याला ते आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला.

"हाड जुळवायला गेलं तर हाड फसवतं," बाई म्हणाल्या. "मी दात जुळवते. तुझ्या दाढा कुठं झिजल्यात ते बघते. वरची झीज खालच्या झिजेवर बसली, की हाड आपोआप जागेवर येतं. मग पट्ट्या. पण तू आधीच घोळ घालून आलायस, म्हणून शिवाय दातही बांधून ठेवणार. महिनाभर तोंड बंद."

मौनेशला हे चटकन समजलं. तापवलेली धाव चाकावर चढवताना तो तेच करत असे. धावेकडे नाही, लाकडाच्या सांध्याकडे बघायचं. पण हे सांगायला तोंड कुठं होतं?

शुद्धीवर आला तेव्हा दातांना आडव्या पट्ट्या घातलेल्या होत्या, वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत उभ्या तारा पिळलेल्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. जीभ पिंजऱ्यात. पहिल्या दिवशी त्यानं दातांच्या फटीतून बोलून पाहिलं. शब्दांऐवजी वाफ निघाली. वॉर्डातली आया हनमव्वा हिनं कमरेवर हात ठेवून त्याची नक्कल केली, "फस्स फिस्स फुस्स! कुकरची शिट्टी झाली रे बाबा, डाळ उतरवा!" आणि सगळा वॉर्ड हसला. "नाव मौनेश ठेवलं तेव्हाच आईला कळलं असणार," ती पुढे म्हणाली. त्या दिवसापासून मौनेश खरोखरच बोलेनासा झाला. ज्या माणसानं गावाला रडवलं, तो गावच्या हशाला जागा कशी करून देणार?

बाईंनी एक पक्कड आणली होती. ती त्यांनी खाटेच्या डोक्याशी खिळ्याला दोऱ्यानं टांगली आणि ईरप्पाला पुढे बोलावलं.

"ही इथून हलवायची नाही. वांती झाली किंवा श्वास कोंडला, तर आम्हाला शोधत बसायचं नाही. या उभ्या तारा कापायच्या. आडव्या नाही. दाखवा कुठं."

ईरप्पानं मौनेशचा ओठ अंगठ्यानं बाजूला केला आणि सुताराच्या बेतानं एकेका तारेवर बोट ठेवलं. मौनेश छताकडे बघत राहिला. आपला जीव नेमका याच्या हाताशी खिळ्याला लावून ठेवला आहे, हे त्याला त्या जखमेपेक्षा जास्त दुखलं.

मग भरवणं सुरू झालं. मोठी पिचकारी, पुढे रबराची नळी. नळी गालातून मागच्या दाढेपलीकडच्या फटीत सरकवायची आणि हळूहळू ढकलायचं. ज्वारीची आंबील, नाचणीची गंजी, ताक, गाळलेली आमटी.

"आ करा, पाव्हणं," ईरप्पा रोज म्हणायचा. "अरे हो. जमत नाही, नाही का."

किंवा, "आज आमटीत मीठ कमी आहे म्हणे. आहे का? बोला की. बोलत नाही म्हणजे बरोबर असणार."

पण आंबील तो आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा, आणि नळी कधी घाईनं ढकलायचा नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं एकदा याचं कौतुक केलं, तर ईरप्पा म्हणाला, "माया नाही हो. हा मेला तर मी खुनी. याच्या जिवाची काळजी यालाही नसेल एवढी मला आहे."

मौनेशनं एकदा घोट मुद्दाम गालात धरून ठेवला आणि ईरप्पा पुसायला वाकला तेव्हा दातांच्या फटीतून त्याच्या सदऱ्यावर सोडला. ईरप्पानं सदरा पुसला नाही. संध्याकाळीही तोच डाग अंगावर घेऊन आला, दुसऱ्या दिवशीही.

दवाखान्यानं मारहाणीची वर्दी दिलेली असल्यामुळे हवालदार लमाणी येऊन गेला होता. साधा, थकलेला माणूस. त्यानं वही काढली.

"कोणी मारलं?"

मौनेशनं तारांवर बोट ठेवलं.

"बोलता येत नाही, कळलं. लिहून दे."

मौनेशनं मान हलवली. त्यानं हातानं तोंड उघडल्याची खूण केली, आणि मग बोट ईरप्पाच्या दिशेनं जरा उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तोंड उघडल्यावर सांगणार म्हणतो," ईरप्पाच बोलला.

"तुम्हाला बरं कळतं त्याचं," लमाणी म्हणाला. "ठीक आहे. गावात विचारलं, तर गावात त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती. हा बोलेल तेव्हा बघू. पाचर, काठी, जे काय असेल ते, असल्या मोडतोडीला जामीनही चटकन मिळत नाही, एवढं सांगून ठेवतो."

कागदावर लिहून द्यायला मौनेशला येत होतं. पण कागद मुका असतो. त्याला ते वाक्य आपल्या तोंडानं बोलायचं होतं आणि बोलताना ईरप्पाचं तोंड बघायचं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तो ते वाक्य घासत होता. 'माझ्या दाजीनं मला मारलं.' मग 'दाजी' काढून टाकला. 'ईरप्पा बडिगेरनं भर रथात, वीरभद्रासमोर, देवाच्या पाचरीनं माझा जबडा मोडला.' देवाची पाचर हे चांगलं होतं. ते वाक्य आता इतकं गुळगुळीत झालं होतं, की तोंड उघडताच आपोआप घरंगळत बाहेर आलं असतं. ईरप्पालाही ते ठाऊक होतं. नीलव्वा एकदाही दवाखान्यात आली नव्हती. तिलाही ठाऊक असणार.

महानवमीला आयुधपूजा आली.

ईरप्पा पहाटेच गावी गेला. आपले पटाशी-रंधे पूजल्याशिवाय बडिगेर त्या दिवशी पाणी पीत नाही. मौनेश खाटेवर पडून आपल्या भट्टीचा विचार करत होता. समज आल्यापासून असं एकही वर्ष गेलं नव्हतं, की त्याच्या ऐरणीला, घणाला, सांडशीला कुंकू लागलं नाही. यंदा भट्टीचं कुलूप काढायलाही कोणी नव्हतं. हत्यार उपाशी राहिलं की वर्षभर हात चालत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा.

दवाखान्यात सकाळपासून धुणं-पुसणं चाललं होतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बोळात टेबल मांडून त्यावर लाल कापड टाकलं होतं, केळीचे खुंट बांधले होते. ड्रिल, हातोड्या, चिमटे, कात्र्या, सगळं घासूनपुसून मांडलेलं. हनमव्वा वॉर्डातून रक्तदाबाचं यंत्र, ट्रे, कात्री गोळा करत फिरत होती.

"काय कुकर," ती मौनेशजवळ थांबली, "तुझं काही हत्यार आहे का पूजेला?"

मौनेशनं मान वर केली. डोक्याशी पक्कड लटकत होती. चांगल्या पोलादाची, धार तेज, रिबीट घट्ट. त्याच्या खाटेवरचं एकुलतं एक लोखंड. त्यानं दोरा सोडला, पक्कड चादरीला पुसली, कपाळाला लावली आणि हनमव्वाच्या ट्रेमध्ये ठेवली.

"हे बरं केलंस," हनमव्वा म्हणाली. "उद्या सकाळी परत आणून देते. पूजेतलं आज उचलायचं नसतं."

ते तिनं मौनेशला सांगायची काय गरज? त्याच्या घरी तर त्या दिवशी पडलेला खिळासुद्धा कोणी उचलत नसे.

ईरप्पा दुपारी परतला. कपाळभर विभूती, नवा पांढरा सदरा, हातात पितळी डबा. बोळात घंटा आणि ढोल सुरू झाले होते. नर्सा, वॉर्डबॉय, चालता येणारे पेशंट सगळे तिकडे गेले होते.

"नीलव्वानं पुरणाची होळिगे केली," ईरप्पा म्हणाला. "दुधात कुस्करून, तूप घालून, तीनदा गाळून दिलीय. लोभ समजू नका. आज दारात आलेल्या कुत्र्यालाही होळिगे घालतात."

मौनेशनं तोंड फिरवलं. पण वेलदोड्याचा वास आला होता. पिठुळ गंजीवर काढलेले दिवस एकदम पोटात ओरडायला लागले. नीलव्वाच्या पुरणाला आईच्या पुरणाचा हात होता. नळी आत आली तेव्हा तो अधाशासारखा ओढायला लागला. पिचकारी ईरप्पा ढकलत होता त्यापेक्षा वेगानं.

"हळू," ईरप्पा म्हणाला. "बहिणीला रथापुढे उभी करून सोलली, तिच्याच हातचं खाताना घाई बघा. लाज नावाचा दात आधीच पडला होता वाटतं, तो काही मी नाही पाडला."

मौनेशला उत्तर सुचलं. चांगलं उत्तर होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो दातांमागून बोलायला गेला, आणि घोट श्वासाच्या वाटेनं खाली गेला.

खोकला आला, पण खोकल्याला तोंड नव्हतं. मग पोटातलं सगळं वर आलं, तारांवर आदळलं, नाकातून गरम दूध आलं. त्यानं श्वास ओढला तो श्वास नव्हताच. उताणं पडायचं नाही, हे बाईंचं वाक्य आठवलं. तो खाटेच्या कडेवर पालथा पडला. डोळ्यांपुढे फरशी होती आणि ती काळी होत होती.

ईरप्पाचा हात खिळ्याकडे गेलेला त्यानं पाहिला. खिळ्याला नुसता दोरा.

"पक्कड कुठाय? अरे पक्कड कुठाय?"

मौनेशनं हात उचलला आणि ढोलाच्या आवाजाकडे दाखवला.

ईरप्पा धावत बाहेर गेला. पळाला, मौनेशला वाटलं. बरोबरच आहे. आता ते वाक्य कोणी बोलणारच नाही. त्याला मरणाचं वाईट वाटायच्या आधी त्या वाक्याचं वाईट वाटलं, एवढं घासलेलं.

बोळात हनमव्वा किंचाळली, "अरे हात लावू नको, पूजा मोडतोस मेल्या!" काहीतरी मोठं फुटलं, बहुतेक कोहळा. ट्रे खणखणत खाली पडले. ढोल मध्येच थांबला.

मग कोणीतरी त्याच्या केसांना धरून डोकं वर केलं.

"हलू नका," ईरप्पा धापा टाकत म्हणाला. पक्कड कुंकवानं लाल होती, पात्याला झेंडूची पाकळी चिकटली होती. "हललात तर जीभ कापली जाईल. गावाचं भलंच होईल, पण हलू नका."

अंगठा ओठात आला. टक्. टक्. दुसऱ्या बाजूला टक्. चौथी तार निसटत होती. ईरप्पानं अंगठा दातांच्या मधे खुपसला आणि कापली. जबडा सुटला, अंगठ्यावर मिटला, आणि पुन्हा उघडला. होळिगे, दूध, तूप सगळं ईरप्पाच्या नव्या सदऱ्यावर गेलं. पाठोपाठ हवा आत आली. मौनेश ती गिळत राहिला, आंबील गिळावी तशी.

ईरप्पा फरशीवर बसला. त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

मग मौनेशनं तोंड हलवलं. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "उद्या सकाळपर्यंत... हत्यार उचलायचं नसतं... गाढवा."

"मग परत ठेवून येऊ का?" ईरप्पा म्हणाला.

शिरहट्टी बाई कपाळावरच्या कुंकवासह धावत आल्या. मागे सगळी पूजा. त्यांनी आधी छाती तपासली, मग घसा साफ केला, मग ओरडल्या. "पक्कड खिळ्यावरून काढली कोणी?"

"यांनीच दिली, बाई," हनमव्वा रडकुंडीला येऊन म्हणाली. "स्वतःच्या हातानं."

"वा! मेला असतास तर पुढच्या वर्षी तुझ्याही फोटोला हार घातला असता. हनमव्वा, तू मला संध्याकाळी भेट. चाव आता. हळू चाव म्हटलं." त्यांनी दातांमध्ये पातळ कागद ठेवून ओढून पाहिला, एकीकडे, मग दुसरीकडे. कागद दोन्हीकडे धरला गेला. त्यांचा राग थोडा उतरला, निदान आवाजातला. "पट्ट्या धरून आहेत. परत तारा बांधत नाही, रबर लावते. दोन बोटं उघडेल तोंड. पातळच खायचं. बोलायचं कमी."

"तेवढंच जमणार नाही त्यांना," ईरप्पा फरशीवरून म्हणाला.

तोंड उघडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत कडदळ्ळीला गेली. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, चिदानंदप्पा पत्तार आले, बरोबर नीलव्वा. हवालदार लमाणीही वही घेऊन आला. नीलव्वाच्या ओच्यात दसऱ्याला सोनं म्हणून वाटायची बन्नीची, म्हणजे शमीची, पानं होती. तिनं चिदानंदप्पांना पान दिलं, पाया पडली. लमाणीला दिलं, हनमव्वाला दिलं. "सोन्यासारखे राहू," असं प्रत्येकाला म्हणाली. मग ओचा सावरून ती खाटेपासून लांब, नवऱ्याशेजारी उभी राहिली. ईरप्पाच्या अंगठ्याला पट्टी होती. त्यानं घरून एक पिशवी भरून मागवली होती. दोन सदरे, धोतर, टूथब्रश. आज पोलिसांनी बरोबर नेलं तर असावं, म्हणून.

"हं," लमाणी म्हणाला. "उघडलं ना तोंड? आता बोल. कोणी मारलं?"

मौनेशनं ईरप्पाकडे पाहिलं. हेच तोंड बघायचं होतं त्याला. ईरप्पाचं तोंड राखेसारखं झालं होतं, पण त्यानं नजर खाली केली नाही. विनवणी नव्हती त्यात. ती असती तर सोपं झालं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं, गुळगुळीत, देवाच्या पाचरीसकट. पण श्वास घेताना मौनेशला कालची ती पहिली हवा आठवली, आणि तोंडात अजून त्या अंगठ्याच्या रक्ताची चव होती. जीव वाचवणाऱ्याला तुरुंगात घालणं त्याला जमेना. त्याला सुका सोडून देणंही जमेना.

आणि तेव्हाच त्याला दुसरं वाक्य सुचलं. पहिल्यापेक्षा कितीतरी बरं.

"कोणी मारलं नाही," तो सावकाश म्हणाला. "रथ वळत होता. ईरप्पाच्या हातून पाचर निसटली. ती उडाली आणि माझ्या तोंडावर बसली."

चिदानंदप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांना या वाक्याचं वजन लगेच कळलं होतं.

"निसटली?" ईरप्पा म्हणाला. "काय? माझ्या हातून?"

"अहो गप बसा," नीलव्वानं त्याचा दंड धरला.

"अगं पण निसटली म्हणतोय तो! तीन पिढ्यांत..."

"गप बसा म्हणते ना."

"पाचर... हातातून... निसटून," लमाणी लिहीत होता. "कशामुळे निसटली?"

"लाकूड ओलं असेल," मौनेश म्हणाला.

ईरप्पा एक पाऊल पुढे आला. नीलव्वानं त्याचा दंड सोडला नाही. तिची नखं कापडातून आत गेली होती. "एक शब्द काढलात," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मी आजच्या आज विहीर जवळ करीन."

लमाणीनं मान वर केली. तो मूर्ख नव्हता. "बडिगेर, तुमचं काही म्हणणं आहे यावर? असेल तर आत्ताच सांगा. मी लिहून घेतो."

ईरप्पानं चिदानंदप्पांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान फिरवली. गावानं तर काही पाहिलेलंच नव्हतं, तेव्हा मौनेश सांगेल तेच खरं; पाचर निसटली असं पंचांच्या कानावर एकदा आलं, की पुढच्या श्रावणात ती कुणाच्या हातात जाणार, हे त्या खोलीत एका हवालदाराला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मी मारलं, एवढं म्हटलं की पाचर वाचत होती. ईरप्पाच्या कानशिलाखालचा स्नायू उडत होता. दात दातांवर इतके घट्ट रोवलेले, की मधून सुरी गेली नसती. त्यानं मान हलवली. नाही, काही म्हणणं नाही.

"सही करा," लमाणी म्हणाला.

मौनेशनं सही केली. लमाणी गेला. ईरप्पा पिशवी उचलून बाहेर गॅलरीत निघून गेला. तो जाताना दारात हनमव्वा भेटली. "आता यांचं तोंड कोणी बांधलं?" ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

चिदानंदप्पा खाटेजवळ आले. "निवाडा पुरा झाला, मौनेश. तू सोडलंस त्याला. पण असं सोडलंस, की मारलं असतंस तर बरं होतं."

"मी आजारी माणूस," मौनेश म्हणाला. "जे घडलं ते सांगितलं."

नीलव्वा शेवटी थांबली. तिनं पितळी डबा आपल्या पिशवीतून काढला, छोट्या टेबलावर ठेवला, शेजारी चमचा ठेवला. भावाकडे तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं, हनुवटीपासून कानापर्यंत, जसं एखादं भांडं कल्हई करून आल्यावर बघतात.

"डॉक्टरीणबाई म्हणतात तोंड अगदी नीट बसलंय," ती म्हणाली. "मला पण तसंच दिसतं. आधी होतं तसंच."

ती गेली. तिच्या ओच्यात बन्नीची बरीच पानं शिल्लक होती.

डब्यात आंबील होती. भरवायला आता कोणी बांधील नव्हतं. मौनेशनं डबा मांडीवर घेतला, रबर ताणून दोन बोटं तोंड उघडलं आणि चमचा आत नेला. अर्धी आंबील छातीवर सांडली. उरलेली गिळून त्यानं तोंड मिटलं. वरची झीज खालच्या झिजेवर अचूक बसली. कामात नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती.